आग्रह चालत नाही: सोलापुरात पाळीव सापाला जेवू घालताना

सोलापूरकराच्या घरी पाहुणा जेवायला बसला की त्याला दोन भाकऱ्यांवर उठू देत नाहीत. ताटात तिसरी पडते, तिच्यावर शेंगाचटणी, चटणीवर दही, आणि वर "काय, आवडलं न्हाई का?" असा दम. मी याच संस्कारात वाढलो. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी बॉल पायथन जातीचा छोटा अजगर आला, तेव्हा पहिले सहा महिने मी त्याच्याशी पाहुण्यासारखाच वागलो आणि जवळजवळ सगळं चुकलो. साप जेवतो तेव्हा तऱ्हेवाईक वागतो, जेवत नाही तेव्हा त्याहून तऱ्हेवाईक, आणि दोन्ही वेळा माणसाचा आग्रहच त्याच्या आड येतो. तुमच्याकडे पहिलाच साप येणार असेल तर मी ज्या क्रमानं चुकलो त्याच क्रमानं सांगतो.

आमच्या सापाचं नाव गुंडू. घाबरला की तो डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून शेजारच्या कन्नड काकूंनी त्याला हे नाव ठेवलं. कन्नडमध्ये गुंडू म्हणजे गोल.

जेवणाआधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून पुढं जाता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे आपल्या मातीतले साप घरात ठेवता येत नाहीत. नाग, घोणस सोडाच, शेतात उंदीर खाणारी बिनविषारी धामण, विहिरीतली दिवड, आणि गुप्तधनाच्या खुळापायी ज्याचे हाल होतात तो मांडूळसुद्धा नाही. असा साप घरात आला तर तो पाळायचा नसतो, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं असतं.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि 2024 च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर साप कितीही देखणा असो, तिथून उठा. आणखी एक हिशोब करा: नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणीसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या मादीनं 2020 साली अंडी घातली होती. म्हणजे आज दहावीतल्या मुलानं आणलेला साप त्याच्या मुलांच्या दहावीलाही घरात असू शकतो.

पहिला आठवडा: वाढायचंच नाही

नवा साप आला की पहिले सात ते दहा दिवस त्याला हातही लावू नका आणि खायलाही देऊ नका. पाणी मात्र हवं. लपायला दोन जागा द्या, एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही अंग घासेल इतक्या अरुंद. बॉल पायथनला ऐसपैस बंगला आवडत नाही. उबेची बाजू 31 ते 33 अंश, थंड बाजू 25-26. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा आपल्याकडे प्रश्न ऊब देण्याचा नसून काढण्याचा असतो. एप्रिल-मेमध्ये सापाची काचेची टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर मुळीच नको. डिसेंबरात उलट: रात्री गार पडतं, आणि पोटात उंदीर असलेल्या सापाला गारठा सोसत नाही, कारण त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळेल त्या उबेवरच त्याचं पचन चालतं. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, हीटमॅट (विजेवर तापणारी चटई) लावू नका, चटका बसतो.

मी पहिल्याच रात्री वाढलं होतं. गुंडूनं ताटाकडे, म्हणजे उंदराकडे, पाठ केली आणि चेंडू झाला. आईला फार वाईट वाटलं.

शिधा

गोठवलेला, प्रयोगशाळेसारख्या स्वच्छ जागी वाढवलेला उंदीर हाच नवशिक्यानं धरायचा रस्ता. जिवंत उंदीर सोडणं हे उंदराला क्रूर आहेच, पण सापालाही धोक्याचं आहे. भूक नसलेल्या सापाबरोबर उंदीर कोंडला तर उंदीर सापाला कुरतडतो, आणि त्या जखमा फार वाईट असतात. गोदामात किंवा घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर कधीच नको. त्यानं काल कुणाकडचं औषध खाल्लंय ते तुम्हाला ठाऊक नसतं, वर जंत आणि रोग वेगळे.

माप सोपं आहे. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढाच जाड उंदीर, फार तर किंचित जास्त. वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के, सात ते दहा दिवसांनी. मोठ्याला पाच-सात टक्के, दोन ते चार आठवड्यांनी. गुंडू अकराशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्याला साठ-सत्तर ग्रॅमचा एक उंदीर तीन आठवड्यांनी मिळतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उपासमारीसारखं वाटतं. आमच्या भागात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, तरी गुंडूच्या दोन जेवणांमध्ये पाच वेळा पाणी येऊन जातं.

हा शिधा ठेवायचा कुठं, यावर आमच्या घरात आठवडाभर गोलमेज चालली. शेवटी मी छोटा वेगळा फ्रीजर आणला. आईच्या अटीवरून आतल्या डब्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांत "उघडू नये" लिहिलं, कारण घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांत तिन्ही भाषा आहेत. वेगळा फ्रीजर परवडत नसेल तर निदान घट्ट झाकणाचा डबा, डब्यात पिशवी. चिमटा, भांडं, टॉवेल यांतलं काहीही स्वयंपाकघरात परत जात नाही. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हात साबणानं धुवायचे, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला या सगळ्यापासून लांब ठेवायचं.

वितळवणं

आदल्या रात्री उंदीर पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या संध्याकाळी तीच बंद पिशवी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. पाणी हाताला सोसेल इतकंच, चाळीस अंशांच्या आसपास. उकळतं पाणी घातलंत तर उंदीर बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्हचं नावही काढू नका. मधोमध दाबून बघा, कडक लागला तर अजून वेळ आहे.

नंतर कोरडा करा आणि डोक्याकडची बाजू हेअर ड्रायरनं जरा जास्त गरम करा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचांची रांग असते. त्या खाचांना उष्णता कळते. अंधारात त्याला उंदीर दिसतो तो उबेच्या ठिपक्यासारखा. थंड उंदीर म्हणजे त्याच्या लेखी दगड. शिळी भाकरी आपण तव्यावर पुन्हा गरम करतो, हे त्यातलंच, एवढंच की एकदा वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही. सापानं नाकारला तर तो टाकायचा. सुरुवातीला जिवावर येतं.

वाढणं

वेळ रात्रीची, दिवे मंद, घरात शांतता. साप जमिनीतली धडधड जबड्याच्या हाडातून टिपतात. ज्या रात्री गल्लीतून डीजे जातो त्या रात्री गुंडू बिळाबाहेर तोंडही काढत नाही, आणि सोलापुरात अशा रात्री वर्षात किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मिरवणुकांचं वेळापत्रक आधी बघा, मग उंदीर वितळवा.

लांब चिमटा घ्या, निदान फूटभर तरी. उंदीर शेपटीच्या मुळाशी किंवा कमरेत धरा, डोकं सापाकडे. सापाच्या तोंडावर नेऊन आदळू नका. हातभर अंतरावर, जरा बाजूनं, उंदीर चालतोय असा हलवा. मग थांबा.

हे थांबणं शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आधी जीभ बाहेर येते, आत जाते. दुभंगलेल्या टोकांवरचा वास टाळूतल्या जेकबसनच्या अवयवापर्यंत पोचतो. जिभेचा वेग वाढतो. मग मान हळूहळू इंग्रजी एस अक्षरासारखी आखडते. या टप्प्यावर गुंडू कधीकधी पाच-पाच मिनिटं तसाच राहतो, पुतळ्यासारखा, आणि आपला हात लोंबकळून भरून येतो. आपल्याला वाटतं, विसरला. आपण चिमटा जवळ नेतो. तो डोकं मागं घेतो. झालं, त्या रात्रीचं जेवण संपलं. पहिल्या सहा महिन्यांत असं माझ्या हातून किती वेळा झालं याची मोजदाद नाही. आता मी भिंतीला कोपर टेकून उभा राहतो.

झडप डोळ्याला दिसत नाही. चिमट्याला हिसका बसतो तेव्हा कळतं, झाली. आणि गंमत अशी की बऱ्याचदा चुकते. बॉल पायथन हा काही तिरंदाज नव्हे. गुंडूनं आजवर उंदराऐवजी चिमटा, पाण्याचं भांडं आणि एकदा टाकीची काच यांवर झडप घातली आहे. काचेवर आपटल्यावर त्यानं इकडंतिकडं असं पाहिलं की जणू कुणी बघितलं तर नाही ना.

या चुकांमध्ये एक माझी. उंदीर टॉवेलनं पुसला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तसाच टाकीचं दार सरकवलं. टॉवेलला उंदराचा वास, खांद्याची ऊब. गुंडूनं टॉवेल पकडला. सोलापुरी टेरी टॉवेलचे ते दाट फासे तुम्हाला माहीत आहेतच. सापाचे दात सुईसारखे आणि मागं वळलेले. ते फाशांत अडकले. तो सोडायला बघतोय, टॉवेल सोडत नाही, म्हणून तो आणखी आवळतोय. मी टॉवेल खांद्यावरून काढून त्याच्यासकट टाकीत ठेवला आणि दिवा मालवला. दहा मिनिटांनी बघतो तर तो टॉवेलला वेटोळे घालून शांत बसलेला, तोंड अजून तिथंच. शेवटी फासे एकेक करून पुढच्या दिशेनं सोडवले. ओढून काढले असते तर दात तुटले असते. तेव्हापासून उंदीर पुसायला जुनी सुती लुंगी.

हात धरला तर? हेच. मागं ओढू नका, ओढलंत की जखम वाढते. थांबा, बहुतेकदा त्याला चूक कळते आणि तो सोडतो. नाहीच सोडला तर डोक्यावर गार पाणी. बॉल पायथनला विष नाही, सुया टोचल्यासारखे ठिपके येतात, साबणानं धुवून डॉक्टरांना दाखवा. आणि जेवणाच्या वेळी त्याच्यासमोर उघडा, उंदराच्या वासाचा हात नेऊ नका. एरवी टाकी साफ करायला हात घालताना आधी काठीनं त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करा. आठ-दहा वेळा केलंत की "काठी लागली म्हणजे जेवण नाही" हे त्याला उमगतं.

मेलेल्याला पुन्हा मारणं

उंदीर धरला की तीन वेटोळे पडतात आणि गुंडू त्या आधीच मेलेल्या, वितळवून गरम केलेल्या उंदराला पूर्ण गांभीर्यानं ठार मारतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नाही. पण त्यात त्याचा हिशोब असतो. वेटोळ्यानं भक्ष्य गुदमरून मरतं असं आपण शाळेपासून ऐकत आलो. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजात बोआ सापांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की श्वास नव्हे, रक्ताभिसरण थांबतं, तेही काही सेकंदांत. त्याआधी याच संशोधकांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम ठोके देणारी हृदयं बसवली होती. ठोके चालू होते तोवर बोआ आवळत राहिले. ठोके नसलेला उंदीर त्यांनी लवकर सोडला. म्हणजे साप अंगानं नाडी बघतो.

म्हणून नवशिक्यासाठी युक्ती: साप वेटोळा घालून लगेच सैल पडला आणि उंदीर टाकून निघाला, तर चिमट्यानं उंदराची शेपटी दोन-तीनदा हलकेच ओढा. "अजून जिवंत आहे" असं वाटून तो पुन्हा आवळतो आणि त्याची भूक टिकते. हा एवढा एकच आग्रह मी शिल्लक ठेवला आहे.

गिळणं

आता चिमटा ठेवा आणि लांब बसा. वेटोळा सैल होतो आणि साप उंदीर चाचपू लागतो, नाक लावत, जीभ फिरवत. तो डोकं शोधत असतो. डोक्याकडून गिळलं की पाय मागं दुमडतात आणि केसांची लव उलटी फिरत नाही. बहुतेकांना ते सापडतं. गुंडूला दर चौथ्या वेळी सापडत नाही. एकदा त्यानं मागचा एक पाय तोंडात घेतला, अर्ध्या तासात कमरेपर्यंत पोचला, दुसरा पाय आडवा आला, थांबला, सगळं बाहेर काढलं, दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा सुरुवात केली. मी मदतीला हात घातला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. हात घातला असता तर तो सगळं टाकून पळाला असता.

जवळून बघण्यासारखं इथंच आहे. जबडा "निखळतो" असं म्हणतात ते खरं नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना जोडलेलीच नसतात, मध्ये ताणणारा बंध असतो. त्यामुळे डावी बाजू एक पाऊल पुढं, मग उजवी, मग डावी. साप उंदीर ओढत नाही, तोंडानं उंदरावरून चालत जातो. तोंड असं पूर्ण भरलेलं असताना खाली बघा: जिभेच्या वर एक गुलाबी नळी तोंडाबाहेर डोकावते आणि तिचं टोक उघडतं, मिटतं. ती श्वासनळी. घास गिळताना गुदमरू नये म्हणून ती पुढं सरकते. माझ्या भाच्यानं ती बघून "मामा, याच्या तोंडात स्ट्रॉ आहे" असं ओरडून सांगितलं, आणि याहून बरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

गिळण्याच्या तऱ्हा निघाल्याच आहेत तर आपल्याच राज्यातली एक. अंडीखाऊ साप फार दुर्मीळ, 2003 साली वर्ध्यात पुन्हा सापडला. त्याच्या मणक्यांना अन्ननलिकेत शिरलेले काटे असतात, आणि अंडं आत गेल्यावर फुटतं ते त्या काट्यांवर. हा पाळायचा नाही, कौतुकच करायचं.

शेपूट आत गेली की सगळ्यात लाडाची गोष्ट: जांभई. दोन-तीन प्रचंड जांभया देऊन साप जबड्याची हाडं जागच्या जागी बसवतो. फोटो याच वेळी चांगले येतात. फ्लॅश नको.

"जेवायलाय का न्हाई बे?"

पहिल्या हिवाळ्यात गुंडूनं नोव्हेंबरात तोंड फिरवलं ते मार्चपर्यंत. सतरा आठवडे. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येऊन गेली, हुरडा संपला, हा आपला चेंडू. मित्र चहाच्या टपरीवर रोज विचारायचा, "काय बे, तुझा साप जेवायलाय का न्हाई?" आणि मी रोज काहीतरी नवा उपाय सांगायचो. पांढऱ्याऐवजी करड्या रंगाचा उंदीर. मोठ्याऐवजी छोटा. दिवसाआड वाढणं. हे दिवसाआडचं सगळ्यात वाईट. दर नकारानं तो आणखी बिथरत गेला आणि एकामागून एक उंदीर वाया गेले.

मोठे नर बॉल पायथन थंडीच्या, मीलनाच्या काळात महिनोन्महिने जेवत नाहीत. त्यात त्यांना काही होत नाही. काय बघायचं ते सांगतो. पहिलं वजन. दर दोन आठवड्यांनी ग्रॅमचा काटा, वहीत नोंद. गुंडू अकराशे चाळीसवरून अकराशे झाला, चार महिन्यांत चाळीस ग्रॅम. मीच काळजीनं त्याहून जास्त उतरलो असेन. वजन दहा टक्क्यांच्या पुढं घसरलं, तोंडात फेस दिसला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे. असा डॉक्टर गावात नसतो, म्हणून साप आणण्याआधीच पुण्यातला किंवा हैदराबादेतला पत्ता शोधून ठेवा. दुसरं डोळे. ते निळसर-दुधी झाले असतील तर कात टाकायची आहे. त्या आठवड्यात वाढूच नका, त्याला नीट दिसत नाही आणि मनःस्थितीही ठीक नसते. तिसरं तुमची मांडणी: तापमान, लपायच्या जागा, वर्दळ. हे तिन्ही ठीक असेल तर दोन आठवड्यांतून एकदा वाढा, वीस मिनिटं थांबा, उचला, दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसू नका.

तोंड उघडून जबरदस्तीनं भरवणं नवशिक्यानं करूच नये. जबडा मोडतो.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात, कसलाही नवा उपाय न करता, त्यानं त्याच जुन्या पांढऱ्या उंदरावर झडप घातली. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

दुधाची वाटी

नागपंचमीला आज्जी दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन टाकीपुढं उभी राहणार, हे मला माहीत होतं. साप दूध पीत नाही. त्याला ते पचतही नाही. तहानेनं व्याकूळ ठेवलेला साप समोरचं काहीही पितो, त्यालाच आपण भक्ती समजतो. आज्जीला मी एवढंच म्हणालो की त्याला तुझ्यासारखंच दूध बाधतं. तिला पटलं. तिनं टाकीबाहेरून हळदकुंकू वाहिलं आणि वर मलाच ऐकवलं की आज घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तेव्हा तुझं ते उंदीर गरम करणंही उद्यावर. दिंडं खाऊन आम्ही झोपलो. गुंडूची पाळी तशीही पुढच्या आठवड्यात होती.

इतरांच्या तऱ्हा, थोडक्यात

सगळेच बॉल पायथनसारखे नखरेल नसतात. अमेरिकेतला कॉर्न स्नेक उलटा: दार सरकलं की हजर, कधी उंदरासोबत खालचा कागदही गिळायच्या बेतात. त्याला कोऱ्या ताटलीवर वाढा. किंग स्नेक दुसरे साप खातो, म्हणून त्याला कुणाच्याही शेजारी ठेवायचं नाही. भुकेच्या भरात तो कधी स्वतःचीच शेपटी गिळायला घेतो. हॉगनोज रानात बेडकांवर जगणारा, त्यामुळे काहींना उंदीर म्हणजे अन्न हे पटतच नाही. वर, फार छेडलं तर तोंड वासून पाठीवर पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. सरळ केला की पुन्हा उलटा होतो, कारण मेलेला साप पाठीवरच असतो असं त्याचं ठाम मत. गार्टर स्नेक दोन असतील तर वेगवेगळं जेवू घाला. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली की मोठा धाकट्यालाही गिळून टाकू शकतो.

जेवणानंतर हात लावायचा नाही

पोटातला फुगवटा उतरेपर्यंत, निदान 48 तास, साप हातात घ्यायचा नाही. आत काय चाललेलं असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो: बर्मी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत चाळीस टक्क्यांनी वाढतं आणि पचन झालं की परत लहान होतं. एवढं काम चालू असताना त्याला कुणाच्या गळ्यात घालायचं नसतं.

मी घातला होता. चुलतभावाच्या लग्नाला पाहुणे आलेले, पोरं मागं लागलेली, गुंडू आदल्याच रात्री जेवलेला. पोरांना बसायला मी सोलापुरी चादर अंथरली आणि त्याला मध्ये ठेवला. दोन मिनिटांत त्याची मान लांब झाली, अंगात लाटा उठल्या, आणि अर्धवट पचलेला उंदीर चादरीवर आला. त्या वासाचं वर्णन करत नाही. चादर तीनदा धुऊनही आईनं ती घरात घेतली नाही. सापानं उलटी केली तर त्याचं पोट आंबलेलं असतं. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, आणि हातात घेणं बंद. पुन्हा झालं तर डॉक्टर.

सगळं सुरळीत झालं तर जेवणानंतर अर्ध्या-एक तासात आणखी एक तऱ्हा दिसेल, आणि ती नव्या माणसाला हमखास फसवते. साप झोपायला जात नाही. टाकीभर फिरतो, जीभ लपलप, कोपरे धुंडाळतो, काचेला नाक लावून तुमच्याकडे बघतो. अगदी "अजून आहे का?" म्हणाल्यासारखं. तो उंदराचा रेंगाळलेला वास असतो, रिकामं पोट नव्हे. पाण्याचं भांडं भरा, वहीत तारीख आणि वजन लिहा, दार बंद करा.

मागच्या पाळीला मी वही लिहीत होतो आणि आज्जी दारात उभी होती. गुंडू काचेपाशी आलेला.

"एकच वाढलास व्हय रे?" ती म्हणाली. "एकच वाढू नये. अजून एक दे की त्याला."

मी दार सरकवलं आणि कुलूप लावलं.